मागचं चाक उचललं की ‘टक्’ : सस्पेन्शनबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत मागच्या सस्पेन्शनचीच पत्रं जास्त आहेत. इंग्लंडमधल्या एका वाचकाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दुखणं सगळ्यांचं जवळपास सारखंच असल्यामुळे त्याचं उत्तर सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : माझ्याकडे २००७ सालची सुझुकी एसव्ही ६५० आहे, ४१,००० मैल झालेत. गेल्या आठवड्यात एमओटी, म्हणजे इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, पास झाली, पण सर्टिफिकेटवर अ‍ॅडव्हायझरी आली की मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यात थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, आहे. टेस्टरनं चाक हातानं उचलून दाखवलं, ‘टक्’ असा आवाज आला. एका गॅरेजमध्ये विचारलं, तर त्यांनी गाडी न बघताच मागचा शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलायला सांगितलं. रोज जाऊन-येऊन २८ मैल चालवतो. गाडी चालवू का? शॉक बदलावाच लागेल का? पुढच्या वर्षी गाडी नापास होईल का?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : आधी कागदाचं बघू. अ‍ॅडव्हायझरी म्हणजे नापास नव्हे. तुमचं सर्टिफिकेट वर्षभर पूर्ण वैध आहे आणि हे काम अमुक तारखेपर्यंत करा, असं बंधनही नाही. मे २०१८ पासून एमओटीत दोषांचे तीन वर्ग आहेत : डेंजरस, मेजर आणि मायनर. पहिल्या दोन्हींत गाडी नापास होते, मायनरमध्ये पास होते. अ‍ॅडव्हायझरी या तिन्हींच्या बाहेरची. आज चालेल, पण लक्ष ठेवा, हा तिचा अर्थ. सांधा जास्त झिजला की तोच दोष मेजर होतो, आणि भाग सुटून येण्याइतकी अवस्था झाली की डेंजरस. तो वर्षभरात तिथपर्यंत जाईल का, हे तुमचे मैल आणि तिकडच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलं जाणारं मीठ यांवर ठरेल. एक गोष्ट मात्र विसरू नका. सर्टिफिकेट हातात असलं तरी गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी तुमचीच राहते. धोकादायक अवस्थेतली गाडी चालवली तर तिथे २,५०० पौंडांपर्यंत दंड, तीन पेनल्टी पॉइंट आणि वर लायसन्सवर बंदीही येऊ शकते.

आता शॉकचं. गाडी न बघता शॉक बदला म्हणणाऱ्याचं ऐकू नका. टेस्टरनं ‘सांध्यात प्ले’ लिहिलंय, ‘शॉकमधून तेल गळतंय’ असं लिहिलेलं नाही. एमओटीत टेस्टर काहीही खोलत नाही. त्याला बाहेरून जे दिसलं आणि हाताला जे लागलं, तेच तो लिहितो. म्हणजे कागदावर फक्त लक्षण आलंय. कुठला सांधा, हे तुम्हाला शोधायचं आहे. नवा शॉक घातला आणि झिजलेलं बेअरिंग तसंच राहिलं, तर पैसे जातील आणि ‘टक्’ तिथेच राहील.

तुमच्या गाडीला मागे एकच शॉक आहे. त्याचं खालचं टोक थेट स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर, न बसता मधल्या एका तरफेवर बसतं. ती तरफ फ्रेमला जोडलेली, आणि दोन छोट्या दांड्यांनी स्विंगआर्मला. हेच लिंकेज. त्यामुळे शॉकचं वरचं टोक, शॉकचं खालचं टोक, तरफ-फ्रेम, तरफ-दांड्या आणि दांड्या-स्विंगआर्म असे पाच सांधे तपासायचे. सहावा स्विंगआर्मचा मुख्य पिव्हट, म्हणजे स्विंगआर्म फ्रेमला जिथे जोडलेला असतो तो सांधा. लिंकेजच्या सांध्यांत बारीक सुयांची बेअरिंग असतात, आत कठीण पोलादाची नळी, म्हणजे कॉलर, आणि तिच्यातून बोल्ट. या सुया पूर्ण फेरा कधीच घेत नाहीत, काही अंशांतच मागे-पुढे होतात. ग्रीस वाळलं किंवा पाणी शिरलं की प्रत्येक सुई कॉलरवर त्याच एका रेषेत घासत राहते आणि तिथे चर पडते. सगळं लिंकेज मागच्या चाकाच्या पुढ्यातच, चिखल उडतो त्या जागी. बहुतेक गाड्यांत त्याला ग्रीस निपल, म्हणजे बाहेरून ग्रीस भरायचं तोंडही नसतं, त्यामुळे खोलल्याशिवाय ग्रीस भरता येत नाही. इतक्या वर्षांत कुणी खोललंच नसेल तर झीज होणारच.

तपासताना पहिली चूक होते ती स्टँडची. स्विंगआर्मखाली लावायच्या पॅडॉक स्टँडवर गाडी ठेवली तर गाडीचं वजन सस्पेन्शनवरच राहतं, सगळे सांधे दाबलेले राहतात आणि प्ले लपतो. वजन फ्रेमवर यायला हवं. तुमच्या गाडीला सेंटर स्टँड नाही. पिव्हटच्या पोकळीत धरणारा स्टँड भाड्यानं किंवा मित्राकडून मिळाला तर उत्तम. नाहीतर दोन्ही फुटरेस्टच्या ब्रॅकेटखाली अ‍ॅक्सल स्टँड लावा, पुढचा ब्रेक लिव्हर पट्ट्यानं बांधून टाका आणि गाडी वरून तुळईला सैल पट्ट्यानं अडकवा, म्हणजे कलंडणार नाही. मागचं चाक पूर्ण मोकळं लोंबकळलं पाहिजे.

आता चाक खालून धरून अगदी हळू वर उचला. शॉक दबायला लागण्याआधी जी मोकळी हालचाल आणि जो ठोका लागतो, तोच प्ले. दुसऱ्या माणसाला एकेका सांध्यावर बोट ठेवायला सांगा, असं की बोटाचा अर्धा भाग बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धा शेजारच्या भागावर येईल. चाक दोन-तीन मिलीमीटरच वर-खाली करत राहा. झिजलेल्या सांध्यात दोन भाग एकमेकांवरून सरकल्याचं बोटाला स्पष्ट कळतं. चांगल्या सांध्यात ते एकत्रच हलतात. कानावर विसंबू नका. पोकळ फ्रेममधून आवाज भलत्याच जागेहून आल्यासारखा वाटतो.

मग आडवा प्ले. एक हात फ्रेमवर, दुसरा स्विंगआर्मच्या टोकाला, आणि डावी-उजवीकडे ओढा. इथे ठोका लागला तर मुख्य पिव्हटची बेअरिंग. स्विंगआर्म गच्च आणि फक्त चाक डुलतंय, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा किंवा सैल अ‍ॅक्सलचा. याला सस्पेन्शनचा दोष समजणारे खूप भेटतात.

किती प्ले म्हणजे जास्त? चाकापाशी तो मोठा दिसतो, हे लक्षात घ्या. समजा पिव्हटपासून अ‍ॅक्सल ५५० मिलीमीटरवर आहे आणि दांड्या १५० मिलीमीटरवर जोडल्यात. दांडीच्या सांध्यात फक्त ०.३ मिलीमीटर सैलपणा असेल, तर चाकापाशी तो १.१ मिलीमीटर होतो. तीन-चार सांध्यांची बेरीज झाली की हाताला चांगलाच ठोका लागतो. नव्या बेअरिंगमध्येही किंचित मोकळीक लागतेच, नाहीतर सुया फिरणार नाहीत. चाकापाशी मिलीमीटरभर हालचाल असेल तर घाबरायचं कारण नाही. तीन-चार मिलीमीटर असेल, किंवा सांध्याभोवती तांबूस पूड आणि गंजाचे ओघळ दिसत असतील, तर खोलाच.

गाडी उचलण्याआधी, ती जमिनीवर भक्कम उभी असतानाच सगळे नट थोडे सैल करून घ्या. कॉलरमध्ये गंजून बसलेला बोल्ट स्टँडवरच्या गाडीत जोर लावून सोडवायला जाल तर गाडी अंगावर येईल. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मग चाकाखाली फळी सरकवून आधार द्या, शॉकचा खालचा बोल्ट काढा, दांड्यांचे बोल्ट काढा आणि शेवटी तरफ. काही गाड्यांत एक्झॉस्ट उतरवल्याशिवाय बोल्ट बाहेर येत नाहीत. कुठला बोल्ट कुठल्या बाजूनं आत गेला होता, याचे फोटो काढून ठेवा. उलटा घातलेला बोल्ट चेनला किंवा एक्झॉस्टला घासू शकतो.

कॉलर बोटानं ढकलून काढताना खाली पांढरं फडकं पसरा. काही बेअरिंगमध्ये सुयांना पिंजरा नसतो, कॉलर निघाली की सुया सांडतात. मोजून डबीत ठेवा. सगळं रॉकेलमध्ये धुऊन कॉलर उजेडात धरा. नुसते चकचकीत पट्टे असतील आणि नखाला काही लागत नसेल, तर ती कॉलर ठीक आहे. नख अडखळलं किंवा गंजाची खळगी दिसली, तर कॉलर आणि बेअरिंग दोन्ही बदला. जुन्या चर पडलेल्या कॉलरवर नवं बेअरिंग घालून पैसे वाचत नाहीत, नव्या सुया काही महिन्यांत त्याच चरीत बसतात. तरफ आणि स्विंगआर्मसाठी बेअरिंग, कॉलर, सील असा एकत्र किट मिळतो, तोच घ्या. बोल्ट काचेवर लोळवून बघा. वाकडा असेल तर तोही नवा.

बेअरिंग काढण्याआधी ते कडेपासून किती आत बसलंय, हे व्हर्नियरनं मोजून लिहून ठेवा. नवं नेमकं तितकंच आत जायला हवं, तरच सीलला जागा राहते. हातोडा मात्र नको. या बेअरिंगचं बाहेरचं कवच जेमतेम मिलीमीटरभर जाडीच्या पत्र्याचं असतं. एक तिरका घाव पडला की ते अंडाकृती होतं आणि सुया अडकतात. १२ मिलीमीटरचा आटे पाडलेला गज, दोन नट, जाड वॉशर आणि बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडी लहान गोटी (पान्याचं सॉकेट) एवढं सामान पुरतं. गोटी बेअरिंगवर टेकवून नट आवळत गेलं की ते सरळ आत ओढलं जातं. तरफ हॉट-एअर गननं ८० ते १०० अंशांपर्यंत तापवा आणि नवं बेअरिंग तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, निम्मा जोर वाचतो. जोर अक्षरं कोरलेल्या बाजूवर द्यायचा.

ग्रीस पाण्याला टिकणारं घ्या, बोटींच्या कामाचं मरीन ग्रीस चांगलं. वरवर फासू नका, सुयांच्या मधे बोटानं दाबून भरा. सीलची ओठासारखी कड बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे जादा ग्रीस बाहेर येतं आणि पाणी आत जात नाही. सेल्फ-लॉकिंग नट नवे वापरा आणि टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मॅन्युअलमध्ये दिलाय तितकाच द्या. मुख्य पिव्हट खोलावा लागला तर आधी मॅन्युअल वाचा. तिथे आवळण्याचा क्रम ठरलेला असतो आणि लॉकनटला खाचांचं वेगळं सॉकेट लागतं. छिन्नीनं ठोकून तो नट फिरवू नका.

काम झाल्यावर फक्त अ‍ॅडव्हायझरी पुसण्यासाठी पुन्हा टेस्ट करण्याची गरज नाही. किटची पावती आणि फोटो ठेवा. पुढच्या वर्षी दोष नसेल तर नव्या कागदावर तो येणार नाही. तारीख संपायच्या महिनाभर आधी टेस्ट केली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, काही निघालंच तर दुरुस्तीला वेळ मिळेल. तोपर्यंत रोजचे २८ मैल चालवायला हरकत नाही, पण दर पंधरवड्याला चाक उचलून बघा. ठोका वाढत असेल, किंवा वळणावर मागचा भाग स्वतःहून डुलतोय असं वाटलं, तर गाडी उभी करा.

प्रश्न : वडिलांची स्प्लेंडर आहे. तीन महिन्यांनी तिला पंधरा वर्षं होतील, पासिंग करायचं आहे. रोज मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन असतात. खड्ड्यात मागून खडखड आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, ‘चिमट्याचा बुश गेलाय, पत्रा घालून टाइट करून देतो.’ चालेल का?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : पत्रा घालू नका, नवा बुश टाका.

तुमच्या चिमट्यात, म्हणजे स्विंगआर्मच्या पुढच्या टोकाला, दोन बुश असतात. बाहेर पोलादी नळी, आत पोलादी नळी आणि मधे चिकटवलेलं रबर, अशी त्यांची बांधणी. हा बुश घासत फिरत नाही, चिमटा वर-खाली झाला की रबर पिळतं आणि परत सरळ होतं. वर्षानुवर्षं पिळून रबर फाटलं की आतली नळी मोकळी होते, चिमटा बोल्टवर आपटतो आणि खडखड सुरू होते. बाहेरून पत्र्याची पट्टी ठोकली तर बुश घरात आवळला जातो, पण फाटलेलं रबर काही जुळत नाही. वर पट्टी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ बसली की चिमटा तिरका होतो. मग दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवूनही चाक सरळ बसत नाही, चेन एका कडेनं घासते आणि चेन-स्प्रॉकेटचा सेट वेळेआधी जातो. बुश त्या मानानं किरकोळ किमतीचा आहे.

बुशच गेलाय याची खात्री आधी घरी करा. गाडी डबल स्टँडवर घ्या, एक हात सीटखालच्या फ्रेमवर ठेवून चिमट्याचं टोक आडवं ओढा. हललं तर बुश. मग दोन्ही शॉकअपचे खालचे-वरचे बोल्ट बघा. तिथल्या रबरी बुशांचा भुगा झाला तरी अशीच खडखड येते, आणि ते बदलायला पाच मिनिटं लागतात. चाक एकटंच हलत असेल तर बेअरिंग.

बुश बदलताना दोन जागी बिघडतं. पहिली, लांब बोल्ट. पंधरा वर्षांत तो आतल्या नळीत गंजून बसलेला असतो. आट्यांवर थेट हातोडा मारला की आटे गेले. नट बोल्टच्या टोकापर्यंत परत चढवा, त्यावर लाकडाचा ठोकळा धरा आणि मग मारा. आदल्या दिवशी तेल सोडलेलं असेल तर बहुतेक वेळा सुटतो. जुने बुश लेथवाल्याकडे प्रेसवर काढून घ्या आणि नवेही प्रेसवरच बसवा. ठोकून काढताना चिमट्याचं घर फाकलं, की नवा बुशही सैल बसतो.

दुसरी जागा महत्त्वाची, आणि नेमकी तीच घाईत राहून जाते. बोल्टचा नट शेवटचा पक्का आवळायचा तो गाडी डबल स्टँडवरून खाली घेऊन, दोन्ही चाकं जमिनीवर आणि गाडीवर एक माणूस बसलेला असताना. नट आवळला की आतली नळी फ्रेमला जखडली जाते आणि तिथून पुढे रबर पिळायला लागतं. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर आली की रबर कायमचंच पिळलेलं राहतं, आणि खड्डा आला की आणखी पिळतं. असा नवा बुश फार काळ टिकत नाही. मग दोष पार्टला दिला जातो. या बुशाला ग्रीसही लावू नका, त्यानं रबर फुगतं.

कॅनबद्दल. २० लिटरचे दोन कॅन म्हणजे दुधाचंच ४१ किलो वजन, शिवाय कॅनचं वेगळं. ते अ‍ॅक्सलच्या मागे लटकत असतील तर पुढचं चाक हलकं होतं आणि मागच्या शॉकअपवर जास्त ताण येतो. कॅनची चौकट शक्य तेवढी पुढे, अ‍ॅक्सलच्या रेषेत आणा. शॉकअपच्या खाचा हुक पान्यानं वाढवा, पण दोन्ही बाजूंना सारख्याच. एक बाजू चौथ्या खाचेत आणि दुसरी दुसऱ्या खाचेत ठेवलेल्या गाड्या सर्रास दिसतात, त्यात चिमटा पिळला जातो. शॉकअपच्या दांडीवर तेल असेल, किंवा मागून दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीन वेळा उसळत असेल, तर शॉकअप जोडीनंच बदला.

पासिंगचं : खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर नमुना २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करायचा आणि गाडी मोटार वाहन निरीक्षकाला दाखवायची. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. विमा आणि पीयूसी चालू असू द्या, पर्यावरण कर भरलेला असू द्या. तुमच्याकडे अजून तीन महिने आहेत, तेव्हा बुश या महिन्यातच बदलून घ्या, गाडी महिनाभर कॅनसकट वापरा आणि नट पुन्हा एकदा तपासून मग दाखवायला न्या. इंग्लंडमध्ये तीन वर्षांनंतर दर वर्षी गाडी तपासली जाते. आपल्याकडे खासगी दुचाकी पंधरा वर्षं कुणी अधिकृतपणे तपासत नाही, म्हणून ही बारीक दुखणी एकदम पासिंगच्या वेळी पुढे येतात. दर वर्षी पावसाळ्यानंतर पाच मिनिटं काढून चिमटा हलवून बघितला, तर वडिलांनाच चालवायला सुख.

प्रश्न : १५० सीसीच्या बाईकचा मोनोशॉक, म्हणजे मागचा एकच शॉक, गळतोय, दांडीवर तेल आणि धूळ चिकटलेली आहे. एक कारागीर ‘शॉक कापून, तेल भरून, वेल्ड करून देतो’ म्हणतो. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, वाढवला तर तोपर्यंत निभेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रीलोड वाढवून निभणार नाही. स्प्रिंग गाडी उचलून धरते आणि आतलं तेल तिची उसळी दाबतं. तेल गेल्यावर स्प्रिंग आणखी दाबली तर उसळी वाढेल, कमी होणार नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना टायर जमिनीवर नाचायला लागतो आणि पकड सुटते.

कापून वेल्ड करायला अजिबात देऊ नका. मोनोशॉकमध्ये बहुधा तेलाबरोबर दाबाखालचा नायट्रोजन असतो, साधारण १० बारच्या आसपास, म्हणजे तुमच्या टायरच्या चार-पाच पट. अशा नळकांड्याला ड्रिल लावणं किंवा ज्योत दाखवणं जिवावर बेतू शकतं. दुरुस्ती व्हायची असेल तर ती गॅस सोडणं, सील आणि तेल बदलणं, दांडी तपासणं आणि पुन्हा नायट्रोजन भरणं अशी सगळीच व्हायला हवी. ही सोय असलेल्या सस्पेन्शनच्याच वर्कशॉपला द्या. त्यांनाही पहिला प्रश्न हा विचारा : दांडीच्या क्रोमवर खड्डे पडलेत का? पडले असतील तर नवं सील काही दिवसांत पुन्हा कापलं जाईल. मग नवा शॉकच घ्या. १५० सीसीच्या गाड्यांत बहुतेकदा तोच हिशेब परवडतो.

एक खात्री आधी करून घ्या. दांडीवर दिसणारं तेल कधी चेनवर मारलेल्या स्प्रेचं असतं. पुसून कोरडं करा आणि दोन दिवस चालवा. परत ओली रिंग दिसली, तरच गळती.

प्रश्न : पावसात लाल माती सगळीकडे बसते. दर आठवड्याला प्रेशर वॉशर मारतो. तरी दोन वर्षांत लिंकेज करकरायला लागलं. असं का?
— एक वाचक, पेडणे, गोवा

उत्तर : प्रेशर वॉशरमुळेच. सील पावसाचं पाणी अडवतं, वॉशरचा झोत अडवण्यासाठी ते केलेलंच नाही. झोत जवळून मारला की पाणी बारीक मातीसकट सीलच्या आत जातं, ग्रीस बाहेर ढकलतं आणि तिथेच राहतं. लिंकेज, चाकांची बेअरिंग, हँडलची बेअरिंग (कोनसेट) आणि चेन यांवर झोत नको. बादली, ब्रश आणि साधी नळी पुरते. माती वाळू देऊ नका, ओली असतानाच निघते. करकरायला लागलंय म्हणजे ग्रीस गेलंय. ठोका लागण्याआधी खोललंत तर कॉलर वाचेल, धुऊन ग्रीस भरलं की झालं. यापुढे दर दोन पावसाळ्यांनी, सप्टेंबरअखेर हे काम करून टाका. ग्रीसचा रंग बघा. दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी मिसळलंय.

प्रश्न : शिकायला आलोय, जुनी १२५ सीसी घ्यायची आहे. एमओटीच्या नोंदीत गेली दोन वर्षं मागच्या सस्पेन्शनची तीच अ‍ॅडव्हायझरी आहे, यंदा मात्र नाही. घेऊ का?
— एक विद्यार्थी, बर्मिंगहॅम

उत्तर : नंबरवरून सरकारी संकेतस्थळावर जुनी नोंद फुकट बघता येते, ती तुम्ही आधी बघितलीत हे उत्तम केलंत. दोन वर्षं असलेला दोष यंदा नाही, म्हणजे काम तरी झालंय किंवा यंदाच्या टेस्टरनं ते लिहिलेलं नाही. विकणाऱ्याला पार्टची पावती मागा. पावती नसेल तर खाली वाकून लिंकेजचे बोल्ट बघा. काम झालं असेल तर नटच्या कडांवर पान्याच्या ताज्या खुणा आणि सीलच्या कडेला स्वच्छ ग्रीस दिसतं. सगळं सारखंच गंजलेलं आणि मातीनं भरलेलं असेल, तर ते खोललेलं नाही. मग बेअरिंग किटची किंमत आणि एका दिवसाची मजुरी किमतीतून कमी करायला सांगा. नवी एमओटी करून देतो म्हणाला तरी त्यावर सौदा सोडू नका. मोटारसायकलच्या टेस्टची कमाल फी २९.६५ पौंड आहे, बेअरिंगचं काम त्याहून बरंच महाग पडतं. गाडी घ्यायला जाताना एक मित्र बरोबर न्या. एकानं चाक उचलायचं, दुसऱ्यानं सांध्यावर बोट ठेवायचं.